हॉटेलात थंडावा कमी पडला की गॅस भरायच्या आधी काय काय बघायचं

इंदूरला एप्रिल संपता संपता पारा ४० च्या वर गेला की हॉटेलांच्या रिसेप्शनला एकच तक्रार सुरू होते, रूम थंड होत नाहीये. सरवटे बस स्टँडजवळची छोटी लॉज असो की विजय नगरकडचं मोठं हॉटेल असो, तक्रार तीच, आणि मेकॅनिक आला की त्याचं पहिलं वाक्यही तेच, गॅस कमी झालाय, भरावा लागेल. मालकाला घाई असते, लग्नाचं वऱ्हाड उतरलेलं असतं, तो म्हणतो भर बाबा, आणि महिन्याभरात तीच खोली परत गरम. म्हणून हे सगळं जरा नीट लिहून काढतोय, मालकांसाठी, मॅनेजर लोकांसाठी आणि मेंटेनन्सला नवीन लागलेल्या पोरांसाठी, कारण यातले कितीतरी बिघाड गॅसचे नसतातच आणि ते शोधायला फार मोठं शिक्षणही लागत नाही, उष्णता कुठून निघाली आणि कुठे जायला हवी होती हा रस्ता तेवढा डोक्यात पक्का पाहिजे.

आधी मुळातलं सांगतो. एसी, फ्रिज, चिलर, कोल्डरूम, बर्फाचं मशीन, यातलं कुठलंच मशीन थंडी तयार करत नाही. ते एका जागेची उष्णता उचलतं आणि दुसऱ्या जागी नेऊन टाकतं, बस. उचलायचं काम गॅस करतो. आतल्या कॉइलमध्ये त्याच्यावर दाब कमी असतो त्यामुळे तो पाच-सात अंशालाच उकळतो, आणि उकळायला लागणारी उष्णता खोलीच्या हवेतून घेतो. मग कॉम्प्रेसर त्याला ओढून दाबतो, दाबला की तो तापतो, इतका तापतो की बाहेर ४२ अंश ऊन असलं तरी त्याच्याहून गरम असतो, म्हणून बाहेरच्या कॉइलमध्ये तो आपली उष्णता हवेला देऊ शकतो आणि देता देता त्याचा परत द्रव होतो. हा द्रव कॅपिलरीतून, म्हणजे केसासारख्या बारीक नळीतून, किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून पुढे गेला की दाब एकदम पडतो, तो गार होतो आणि परत आतल्या कॉइलमध्ये येतो. गॅस म्हणजे हमाल, माल वाहून नेतो, स्वतः संपत नाही. तांब्याचे पाइप चहूबाजूंनी बंद असतात, त्यामुळे गॅस कमी झाला असेल तर कुठेतरी भोक आहे, आणि भोक न बुजवता वरून गॅस भरला तर तोही त्याच वाटेने जाणार.

टन काय असतो हेही इथेच सांगून टाकतो कारण दीड टनाचा एसी दीड टन वजनाचा नसतो हे माहीत असलं तरी मग तो टन कसला हे पुष्कळांना सांगता येत नाही. २४ तासांत एक अमेरिकन टन म्हणजे ९०७ किलो बर्फ वितळवायला जेवढी उष्णता लागते तेवढी उष्णता मशीनने सतत बाहेर काढली तर ते एक टनाचं मशीन, आजच्या हिशोबात साधारण साडेतीन किलोवॅट. खोलीतली माणसं, दिवे, टीव्ही, काचेतून येणारं ऊन आणि दाराच्या फटीतून येणारी हवा यांची बेरीज त्याच्या वर गेली की मशीन कितीही चांगलं असलं तरी खोली थंड होणार नाही. पश्चिमेकडच्या खिडकीचा पडदा दुपारी उघडा राहिला की संध्याकाळी तक्रार येते, हे हाउसकीपिंगवाल्यांना सांगून ठेवलं तर मेंटेनन्सच्या निम्म्या फेऱ्या वाचतात असं माझं मत आहे.

आता रस्ता कुठे अडतो ते बघू. सगळ्यात आधी अडते हवा. कॉइलवरून हवा गेली नाही तर गॅसला उचलायला उष्णताच मिळत नाही. फिल्टरवर धूळ, ब्लोअरच्या पात्यांवर मळाचा थर, कॉइलच्या फिन्स म्हणजे पातळ पत्र्या चिकटलेल्या, रिटर्न ग्रिलसमोर, म्हणजे खोलीतली हवा आत ओढणाऱ्या जाळीसमोर कुणीतरी कपाट सरकवलेलं, एवढीच कारणं असतात. इंदूरला स्वच्छतेचे कितीही नंबर मिळाले असले तरी एप्रिल-मे मधली कोरडी धूळ आणि जागोजाग चाललेलं बांधकाम यातून फिल्टर सुटत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी फिल्टर काढून धुवायचा, रस्त्यालगतच्या खोल्यांचा आठवड्याला. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, एसी पंधरा-वीस मिनिटं चालू द्या, आत जाणाऱ्या हवेचं आणि बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान मोजा. दोन्हीत ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर मशीन आपलं काम करतंय आणि गडबड खोलीच्या लोडमध्ये आहे, कुठेतरी खिडकी उघडी आहे नाहीतर मशीनच खोलीला छोटं पडतंय. फरक चार-पाचच असेल तर मशीनमध्ये बघा. फरक १४-१५ च्या वर असेल तर आनंद मानू नका, हवा फार कमी वाहतेय म्हणून ती जास्त गार होतेय.

कॉइलवर बर्फ जमणं ही सगळ्यात फसवी गोष्ट, कारण बर्फ दिसला की माणसाला वाटतं थंडी जास्त झाली, आणि मेकॅनिक म्हणतो गॅस कमी आहे. दोन्ही कारणांनी बर्फ जमतो, हवा कमी असली तरी आणि गॅस कमी असला तरी, कारण दोन्हीत कॉइलमधला दाब पडतो आणि गॅस शून्याच्या खाली उकळायला लागतो, मग हवेतली ओल तिथेच गोठते, बर्फाने हवा आणखी अडते आणि बर्फ आणखी वाढतो. फरक कसा ओळखायचा तर आधी कॉम्प्रेसर बंद करून नुसता पंखा चालवून बर्फ पूर्ण वितळू द्या, चाकूने खरवडू नका, पाइप फुटला तर खरंच गॅस जाईल. मग फिल्टर आणि कॉइल साफ करून परत चालवा. ठीक चाललं तर हवेचाच प्रश्न होता, गॅसचा एक पैसा खर्च करायचा नाही. परत बर्फ आला, आणि तोही कॉइलच्या सुरुवातीच्या भागावरच आला आणि बाकीची कॉइल कोरडी गरम राहिली, तर गॅस कमी असल्याची शंका घ्या.

पक्कं सांगतं ते सुपरहीट. नाव जड आहे पण गोष्ट सोपी आहे. गेजवरचा सक्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसर गॅस ओढतो त्या बाजूचा, दाब बघून त्या दाबाला तो गॅस किती अंशाला उकळतो हे तक्त्यात मिळतं, उदाहरणार्थ आर-२२ चा दाब ६८-६९ पीएसआय असेल तर तो साडेचार अंशाच्या आसपास उकळतोय. मग कॉइलमधून बाहेर येणाऱ्या जाड पाइपवर थर्मामीटर बांधून तापमान घ्या. समजा ११ निघालं, तर फरक साडेसहाचा, हाच सुपरहीट, म्हणजे गॅस पूर्ण उकळून वर थोडासा तापून निघालाय, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या मशीनला पाच ते आठच्या दरम्यान हा फरक असला की ठीक समजतात. फरक १८-२० निघाला तर कॉइलमध्ये पुरेसा गॅस पोचत नाहीये, लीक असेल किंवा ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारी डबी), कॅपिलरी, व्हॉल्व्ह चोक असेल. फरक जवळजवळ शून्य निघाला आणि दाबही कमी असला तर कॉइलला हवाच मिळत नाहीये आणि तिथे आणखी गॅस भरणं म्हणजे कॉम्प्रेसरमध्ये द्रव पाठवून त्याचा जीव घेणं. नुसता दाब बघून गॅस भरणारा मेकॅनिक या दोन रोगांत फरक करूच शकत नाही, कारण दाब दोन्हीत कमीच दिसतो. पाइपला थर्मामीटर लावतो का, एवढं एकच लक्ष ठेवलं तरी मेकॅनिक कसा आहे ते कळतं.

रस्त्याचं दुसरं टोक बाहेरचं युनिट. आतून उचललेली उष्णता इथे टाकायची असते आणि आपल्याकडच्या जुन्या इमारतींत नेमकी इथेच कोंडी होते, दोन भिंतींच्या मधल्या चार फुटांच्या बोळात एकावर एक आठ-दहा युनिट टांगलेली असतात, खालच्याने फेकलेली गरम हवा वरचा ओढतो, त्याची त्याच्या वरचा. छोटी ग्वालटोलीकडे अशा गल्ल्या बघा, दुपारी तिथे उभं राहवत नाही. बाहेर ४२ असतात पण वरच्या मजल्याच्या युनिटला मिळणारी हवा त्याहून कितीतरी जास्त गरम असते, मग दाब वाढतो, करंट वाढतो, ओव्हरलोड, म्हणजे करंट वाढला की तोडणारा स्विच, कॉम्प्रेसर बंद करतो, तासाभराने तो गार झाला की परत चालू होतो, आणि गेस्ट म्हणतो एसी कधी चालतो कधी नाही. याला गॅसचं औषध नाही. युनिट गच्चीवर न्या, ते जमत नसेल तर पंख्याच्या तोंडाला डक्ट लावून गरम हवा बोळाच्या बाहेर वळवा, आणि कॉइल आतल्या बाजूने पाण्याने धुवा, बाहेरून जोरात फवारा मारला तर धूळ आणखी आत बसते आणि फिन्स वाकतात. फिन्सवर ॲसिड कधीच नको, ॲल्युमिनियम खाऊन टाकतं.

लीक खरंच सापडलं तर काम नीट करून घ्या. साबणाचं पाणी लावून किंवा लीक डिटेक्टरने जागा शोधायची, बहुतेक वेळा फ्लेअर नट (पाइप कसून बसवायचा नट) किंवा ब्रेझिंगचा म्हणजे टॉर्चने तापवून केलेला जोड निघतो, किंवा पाइप क्लॅम्पला घासून झिजलेला असतो. जोड पक्का केल्यावर नायट्रोजन भरून प्रेशर टेस्ट. इथे हात जोडून सांगतो, नायट्रोजनच, ऑक्सिजनच्या सिलिंडरने टेस्ट करू देऊ नका, कॉम्प्रेसरचं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो आणि अशात माणसं गेलेली आहेत. मग व्हॅक्यूम पंप लावून पाइपातली हवा आणि ओल ओढून काढायची, ५०० मायक्रॉनपर्यंत (हे अगदी कमी दाबाचं माप), मायक्रॉन गेज लावून. पाइपात ओल राहिली तर ती तेलाशी मिसळून ॲसिड बनवते आणि सहा महिन्यांनी कॉम्प्रेसरच्या मोटरचं वाइंडिंग जळतं, तेव्हा कुणाला आठवत नाही की कारण हे होतं. शेवटी गॅस वजनकाट्यावर मोजून, प्लेटवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढाच, पाइप जास्त लांब असेल तर त्याची भर धरून.

आणि गॅस कुठला हे बघा. जुन्या मशीनांत आर-२२ आहे, तो ओझोनच्या थराला मारक म्हणून मॉन्ट्रियल कराराखाली हटवला जातोय, भारतात २०३० पर्यंत त्याचा वापर जवळजवळ बंद करायचा आहे आणि त्यापुढे सर्व्हिसिंगपुरता थोडासा २०४० पर्यंत. मधल्या काळात आर-४१०ए आला, आता नव्या रूम एसीत बहुतेक आर-३२, काहींत आर-२९० म्हणजे प्रोपेन. आर-३२ हळू का होईना जळतो आणि प्रोपेन तर सरळ स्वयंपाकाच्या गॅससारखा पेटतो, त्यामुळे बंद खोलीत टॉर्च पेटवून ब्रेझिंग करायच्या आधी गॅस पूर्ण काढायचा, खिडक्या उघडायच्या. आर-२२ च्या मशीनमध्ये स्वस्त पडतो म्हणून दुसराच गॅस ढकलणं हा गुन्हाच समजा, ते मशीन जळणाऱ्या गॅससाठी बनलेलंच नसतं आणि मिश्रणाला कुठलाही तक्ता लागू पडत नाही, पुढच्या मेकॅनिकला काही कळायचं साधनच उरत नाही.

विजेचं थोडक्यात. कॉम्प्रेसर घुंघुं करतो पण उचलत नाही, तर पहिला संशय कपॅसिटरवर, स्वस्तातला पार्ट आहे, पण काढायच्या आधी डिस्चार्ज करायचा, चार्ज राहिलेला कपॅसिटर जबर झटका देतो. कॉन्टॅक्टरचे, म्हणजे कॉम्प्रेसर चालू-बंद करणाऱ्या स्विचचे, पॉइंट काळे पडले, लग्स म्हणजे वायरीच्या टोकाच्या चकत्या ढिल्या झाल्या की व्होल्टेज तिथेच पडतं. थ्री फेजच्या स्क्रोल कॉम्प्रेसरचं एक वेगळंच आहे, तो एकाच दिशेने फिरला तर गॅस दाबतो, जनरेटरच्या केबलचं काम झालं आणि दोन फेज अदलाबदल झाले की तो उलटा फिरतो, खडखडाट करतो, थंडावा शून्य, सक्शन आणि डिस्चार्जचे, म्हणजे गॅस ओढायच्या आणि बाहेर टाकायच्या बाजूचे, दाब जवळजवळ सारखेच दिसतात. तिथे लोकांनी कॉम्प्रेसर गेला म्हणून नवीन मागवलेले आहेत. आधी फेज बघा.

आता मोठ्या हॉटेलकडे वळतो, कारण तिथे उष्णतेचा रस्ता लांब आहे आणि त्यात पाणी आहे. खोलीत छताच्या वर फॅन कॉइल युनिट असतं, त्याच्या कॉइलमधून थंड पाणी फिरतं, ते पाणी खोलीची उष्णता घेऊन चिलरकडे जातं, चिलर ती उष्णता दुसऱ्या पाण्याला देतो, ते दुसरं पाणी गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमध्ये जातं आणि तिथून उष्णता हवेत जाते. चिलरमधून पाणी साधारण ७ अंशाला निघतं आणि १२ ला परत येतं. ही दोन तापमानं दर दोन तासांनी वहीत लिहायची, आणि फक्त लिहायची नाहीत, वाचायचीसुद्धा. पाणी ७ ला जातंय आणि ९ लाच परत येतंय आणि तरी खोल्या गरम आहेत, तर चिलरला दोष देऊ नका, पाणी खोल्यांपर्यंत नीट पोचतच नाहीये, कुठेतरी बायपास (खोल्या टाळून पाणी परत नेणारा रस्ता) उघडा आहे, एखाद्या मजल्याच्या पाइपात हवा अडकलीय, स्ट्रेनर (पाण्याची गाळणी) चोक आहे, नाहीतर खोलीच्या व्हॉल्व्हचा ॲक्च्युएटर (तो उघडबंद करणारी मोटर) बंद अवस्थेतच अडकलाय. सगळ्यात वरच्या मजल्यावरच तक्रार असेल तर आधी एअर व्हेंट उघडून बघा.

कूलिंग टॉवरबद्दल एक गोष्ट नवीन पोरांना नेहमी चकवते. मे महिन्यात ४२ अंशात प्लांट बरा चालतो आणि जुलैत २८ अंशात, पाऊस पडत असताना, टॉवरचं पाणी जास्त गरम येतं आणि चिलर दमतो. असं कसं? टॉवर पाण्याला गार करतो ते पाण्याचा थोडा भाग वाफ करून, आणि वाफ किती होईल ते हवेत आधीच किती ओल आहे त्यावर ठरतं. ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरवर जे तापमान दिसतं त्याला वेट बल्ब म्हणतात आणि टॉवर त्याच्या खाली जाऊ शकत नाही. माळव्यातली मे महिन्याची हवा कोरडी असते, ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता धरली तर वेट बल्ब येतो २२ च्या आसपास. जुलैत २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता धरा, वेट बल्ब २६. म्हणजे भर पावसाळ्यात टॉवरला चार अंशांचा तोटा. एअर कूल्ड, म्हणजे पाण्याऐवजी हवेत उष्णता टाकणाऱ्या, युनिटचं उलटं, त्यांना मे जड जातो. म्हणून टॉवरचे नोझल, फिल (ज्यावर पाणी पसरतं तो भाग) आणि पंख्याचे बेल्ट मान्सूनच्या आधीच बघून घ्यायचे, उन्हाळा निभला म्हणजे झालं असं नाही.

वाफ होते ती नुसत्या पाण्याची, त्यातले क्षार मागे राहतात. पूर्ण लोडवर दर टनामागे तासाला सहा लिटरच्या वर पाणी उडतं, म्हणजे १०० टनांच्या प्लांटचं तासाला सहाशे लिटरच्या वर. शहराला १९७८ पासून नर्मदेचं पाणी आहे, जलूदहून डोंगर चढवून आणलेलं, पण ते हॉटेलच्या सगळ्या गरजेला पुरतंच असं नाही, मग बोअर चालू होतो, टँकर येतो, आणि इथल्या काळ्या बेसॉल्टमधलं पाणी जड. टॉवरच्या टाकीत ते पुन्हा पुन्हा आटत गेलं की क्षार तिप्पट-पाचपट होतात आणि कंडेन्सरच्या, म्हणजे चिलर टॉवरच्या पाण्याला उष्णता देतो त्या भागाच्या, नळ्यांत आतून पांढरा थर बसतो. हा थर उष्णतेचा रस्ता अडवतो, बरोबर जिथे ती पाण्यात उतरायला हवी तिथेच. डोळ्यांना दिसत नाही पण आकड्यांत दिसतं, कंडेन्सिंगचं तापमान, म्हणजे गॅसचा द्रव होतो ते, आणि कंडेन्सरमधून निघणाऱ्या पाण्याचं तापमान यातला फरक स्वच्छ नळ्यांत एक-दोन अंश असतो, तो चार-पाचवर गेला की समजा थर बसला, डीस्केलिंग म्हणजे थर काढायची वेळ आली. तोपर्यंत वीजबिल आधीच वाढलेलं असतं. याचा इलाज रोजचा आहे, टाकीतलं पाणी थोडं थोडं सोडत राहायचं (यालाच ब्लोडाउन म्हणतात), मेकअपच्या, म्हणजे नव्याने भरायच्या पाण्याच्या, तिप्पट-चौपटीच्या वर टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार जाऊ द्यायचे नाहीत, पाण्याचा जडपणा काढणाऱ्या सॉफ्टनरला वेळेवर मीठ द्यायचं. ब्लोडाउन म्हणजे पाण्याची नासाडी असं काही मालकांना वाटतं, त्यांनी एकदा डीस्केलिंगचं बिल आणि त्याच्या आधीच्या महिन्यांची वीजबिलं शेजारी शेजारी ठेवून बघावीत.

टॉवरच्या पाण्याचा दुसरा प्रश्न जिवाचा आहे. १९७६ च्या जुलैत अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं होतं, त्यानंतर न्यूमोनियासारख्या आजाराने २२१ जण आजारी पडले आणि ३४ दगावले. कारण सापडायला पुढचं वर्ष उजाडलं, पाण्यात वाढणारा एक जिवाणू, त्याला लिजिओनेला नाव दिलं, आणि संशय एसीच्या यंत्रणेवरच गेला. हा जिवाणू २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या, शेवाळलेल्या पाण्यात छान वाढतो, म्हणजे नेमकं टॉवरच्या पाण्यात, आणि बारीक तुषारांतून श्वासात जातो. म्हणून बायोसाइड म्हणजे जंतू मारायचं औषध नियमाने टाकायचं, टाकीतला गाळ काढायचा, तुषार अडवणारे ड्रिफ्ट एलिमिनेटर तुटले असतील तर बदलायचे, ताज्या हवेचं तोंड टॉवरच्या वाऱ्याच्या दिशेला ठेवायचं नाही, आणि टॉवर साफ करणाऱ्या मुलाला चांगला मास्क द्यायचा. तो मुलगाच सगळ्यात जास्त धोक्यात असतो, आणि बऱ्याचदा तोंडाला साधा गमछा बांधून आत उतरलेला असतो, हे बघवत नाही.

पावसाळ्याची ठरलेली तक्रार म्हणजे छतातून पाणी. गेस्टला वाटतं पाइप फुटला, पण ते हवेतलंच पाणी असतं, थंड कॉइलवर जमलेलं. कॉइलखालच्या ड्रेन पॅनमध्ये बुळबुळीत शेवाळ साचून भोक बंद झालेलं असतं, किंवा ड्रेन पाइपला उतारच नसतो, मीटरला एक सेंटिमीटर तरी हवा. पॅन साफ करून त्यात बादलीभर पाणी ओतून ते खाली पोचतं का बघायचं, हे मे महिन्यातच सगळ्या खोल्यांत करून टाकायचं. पाणी पॅनमधून येत नसून ग्रिलवरच थेंब धरत असतील तर बाल्कनीचं दार उघडं आहे किंवा कुणी सेटिंग १६ वर नेऊन ठेवलंय. सरकारने १ जानेवारी २०२० पासून स्टार रेटिंगच्या रूम एसीचं सुरुवातीचं सेटिंग २४ अंश ठेवायला लावलंय, एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते असा ऊर्जा दक्षता ब्युरोचा हिशोब आहे, आणि २४ ला ग्रिलला घामही फुटत नाही, भिंतीला बुरशीही धरत नाही.

किचनकडे येऊ. इथे चूक झाली तर गेस्ट आजारी पडतो, म्हणून मी कोल्डरूमला खोल्यांच्या आधी धरतो. थंड ठेवायचं ते ५ अंश किंवा खाली, गोठवलेलं उणे १८ किंवा खाली, अन्नसुरक्षेचे नियम हेच सांगतात. पण डिस्प्लेवरचा आकडा हवेचा असतो, दार उघडलं की उडी मारतो, म्हणून एक पाण्याने भरलेली बाटली मधल्या कप्प्यात ठेवून तिच्यात थर्मामीटर बुडवून ठेवा, श्रीखंडाचं आणि माव्याचं तापमान त्या बाटलीसारखं असतं. थर्मामीटर बरोबर आहे का हे बघायला बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून त्यात बुडवा, शून्य दाखवायला हवं.

कोल्डरूम गरम होते त्याची कारणं बहुतेक वेळा दाराशीच असतात. गॅस्केट म्हणजे दाराची रबरी पट्टी फाटलेली, स्ट्रिप पडदा आडवा बांधून ठेवलेला, लग्नाच्या दिवशी दर मिनिटाला दार उघडतंय आणि त्यात कुणी तरी उकळत्या दुधाचं पातेलं तसंच आत ढकललंय. इंदूरच्या दुधाच्या शिकंजीचं दूध आटवून गरम गरम आत ठेवलं की त्याची सगळी उष्णता आणि वाफ आत सुटते, बाजूचं पनीर गरम होतं, वाफ कॉइलवर जाऊन बर्फ होते. ब्लास्ट चिलर, म्हणजे झटपट गार करणारं मशीन, नसेल तर पसरट परातीत, बर्फाच्या पाण्यात ठेवून लवकर गार करा आणि मग आत न्या. गॅस्केट तपासायला दारात कागद धरून दार लावा, कागद सहज ओढला गेला तर तिथून हवा जातेय. सामान पंख्याच्या तोंडापर्यंत रचायचं नाही, हवा फिरायला जागा हवी.

डीप फ्रीझरची कॉइल बर्फाने भरणारच, म्हणून त्यात डिफ्रॉस्ट हीटर असतो, दिवसातून तीन-चार वेळा लागून बर्फ वितळवतो. हीटर जळला किंवा टायमर अडकला की बर्फाचा ठोकळा होतो आणि पंखे नुसते घुमतात. तिथेही लोक गॅस भरतात! ड्रेन पाइपचा हीटर गेला तर वितळलेलं पाणी पाइपातच गोठतं आणि जमिनीवर बर्फाची लादी तयार होते, तिच्यावर कुक घसरतो. बर्फाच्या मशीनचं दुखणं जवळजवळ नेहमी पाण्याचं, क्यूब पांढरे, अर्धवट किंवा चिकटलेले येत असतील तर क्षार साचलेत, कंपनीने सांगितलेल्या डीस्केलरने धुवा आणि फिल्टर बदला, आणि बर्फाचा चमचा बर्फातच पुरून ठेवायची सवय मोडा.

थंडीत विषय उलटा होतो. डिसेंबर-जानेवारीत इंदूरची रात्र चांगली गार असते, सकाळी सहा ते आठ सगळ्या खोल्यांत एकदमच गीझर आणि शॉवर, आणि तक्रार येते की गरम पाणी यायला पाच मिनिटं लागतात. बॉयलरकडे धावू नका, आधी रिटर्न लाइनचा, म्हणजे पाइपातलं गरम पाणी फिरवत ठेवणारा, पंप चालू आहे का बघा, तो बंद पडला की पाइपातलं पाणी रात्रभर उभं राहून गार होतं. टाकीत पाणी ६० अंशाला ठेवा आणि परत येणारं ५० च्या वर, वर सांगितलेला तोच जिवाणू कोमट पाण्यातही वाढतो, वीज वाचवायला टाकी ४५ वर ठेवणं म्हणजे त्याची सोय करणं. पण ६० चं पाणी अंगावर पडलं तर भाजतं, लहान मुलं आणि म्हातारी माणसं पटकन बाजूला होऊ शकत नाहीत, त्यामुळे खोलीत गार पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह हवाच. रिकाम्या राहिलेल्या खोल्यांचे नळ आठवड्यातून एकदा काही मिनिटं सोडायचे, शॉवर मात्र तुषार न उडवता. जड पाण्यात गीझरच्या एलिमेंटवर थर बसतो, वर्षातून एकदा उघडून खरवडायचा आणि मॅग्नेशियमचा रॉड झिजला असेल तर बदलायचा, तो रॉड टाकीच्या ऐवजी स्वतः गंजतो म्हणून टाकी टिकते.

नवीन बसवायचं असेल तर हीट पंपाचा विचार करा. तो एसीचंच मशीन आहे, फक्त इथे आपल्याला बाहेर टाकलेली उष्णता हवी असते, आजूबाजूच्या हवेतली उष्णता उचलून तो पाण्यात टाकतो, त्यामुळे एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते. गच्चीवर ठेवला तर गार रात्री त्याला मेहनत जास्त पडते. लॉन्ड्रीत किंवा किचनच्या बाजूला जिथे हवा बाराही महिने तापलेली असते तिथे बसवला तर तो पाणी गरम करता करता तिथल्या माणसांना गार हवाही देतो, मे महिन्यात इस्त्री करणारे लोक त्याच्याच समोर येऊन उभे राहतात. फक्त लॉन्ड्रीत कपड्यांचा लिंट फार उडतो आणि तो त्याच्या कॉइलवर जाऊन बसतो, त्यामुळे तिथला फिल्टर दर आठवड्याला साफ करायचा आणि तारीख मशीनवरच चिकटवलेल्या कार्डावर लिहायची.